टोपलीची नाव, माशीचा गळ आणि दोन मासे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, दक्षिणेतील मराठेशाही असे भारदस्त विषय होऊन गेले. त्यांच्या पंगतीत होडीत बसून मासे धरण्याचा विषय मांडला, तर काही भुवया उंचावणारच. आपल्यापैकी कित्येक घरांत मासा शिजत नाही, आणि ज्या घरांत शिजतो तेथे तो बाजारातून येतो. तरीही हा विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला, त्याला कारण आहे. म्हैसूर-बंगळूरकडे आलेले आपण सारे ज्या कावेरीचे पाणी पितो, तिच्या पोटात गेल्या अर्धशतकात एक घटना घडली आहे. त्या घटनेत आपल्या सह्याद्रीचा वाटा आहे, आणि आपल्या सुवर्णमहोत्सवाशीही तिचे काही नाते आहे. ती समजून घ्यायची तर नावेत बसूनच नदीवर गेले पाहिजे.

प्रथम नाव. कन्नडात तिला हरिगोलु म्हणतात, तमिळमध्ये परिसल, तेलुगूत पुट्टी. आपण तिला टोपलीची नाव म्हणू, कारण ती खरोखरच एक मोठी टोपली आहे. बांबूच्या कांबी एकमेकींत विणून उथळ परडीसारखा सांगाडा करावयाचा आणि त्यावर बाहेरून आवरण चढवावयाचे. पूर्वी हे आवरण म्हशीच्या कातड्याचे असे. पुढे डांबर चोपडलेली गोणपाटे व प्लास्टिकचे कापड आले, आता कोठे कोठे काचतंतूच्या नावाही दिसतात. आकार मात्र बदललेला नाही. विजयनगरच्या वैभवकाळी, १५२०च्या सुमारास, तेथे आलेल्या दोमिंगो पाएस ह्या पोर्तुगीज प्रवाशाने तुंगभद्रेवरील अशा गोल, कातड्याने मढविलेल्या नावांचे वर्णन करून ठेवले आहे. त्या सरळ न जाता गरगर फिरत जातात, हेही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. १८०३च्या मोहिमेत मराठ्यांवर चालून येताना आर्थर वेलस्लीनेही सैन्य नद्यांपार नेण्यासाठी अशाच नावा बांधविल्या होत्या. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल ह्यांनी तर वेल्सपासून दक्षिण हिंदुस्थानापर्यंतच्या टोपलीच्या नावांचा आयुष्यभर अभ्यास केला.

ही नाव गरगर का फिरते? तिला ना नाळ, ना सुकाणू, ना तळाशी कणा. एका बाजूने वल्हे मारले की ती पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी भोवरा होते. म्हणून नावाडी तिच्या पुढच्या काठाशी बसतो आणि वल्हे समोरच्या पाण्यात बुडवून आपल्याकडे ओढतो. हे ओढणे सरळ नसते. इंग्रजी आठाचा आकडा पाण्यात गिरवावा तसे वल्हे डावीउजवीकडे फिरत राहते, आणि नाव वल्ह्याच्या मागोमाग जाते. पाहणाऱ्यास हे सोपे वाटते. प्रत्यक्ष वल्हे हाती घेतल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पूर्व-पश्चिम दोन्ही दिशांचे दर्शन पुनःपुन्हा घडते. परंतु जो दोष तोच गुण. सपाट तळामुळे ती वीतभर पाण्यातूनही सरकते, खडकाला घासली तरी लवते आणि अंग चोरून पलीकडे जाते. काम झाले की नावाडी तिला डोक्यावर उपडी घेऊन घरी जातो.

कयाक हे ह्या नावेचे दूरचे भावंड. ध्रुवप्रदेशातील लोकांनी शिकारीसाठी सीलच्या कातड्यातून घडविलेली ती एकट्याची, अरुंद, लांबट होडी. वल्ह्याला दोन पाती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. टोपली आळशी असेल तर कयाक उतावळी आहे. पण दोघींना यंत्र नाही, आवाज नाही, आणि दोघीही इतक्या कमी पाण्यात चालतात की माशाला त्यांची चाहूल उशिरा लागते. गळ टाकणाऱ्यास ह्यापरते काय हवे?

आता गळ. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिसे बांधतात आणि भिरकावतात. त्या शिशाचे वजन बारीक दोरीला आपल्यामागून ओढत नेते. ‘फ्लाय फिशिंग’ म्हणजे माशीचा गळ ह्याच्या नेमका उलट आहे. येथे आमिष म्हणजे गळावर पिसे, केस व रेशमाचा दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, खोटा किडा किंवा खोटी मासोळी. तिला वजन जवळजवळ नसते. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. ही दोरी जाड, मुद्दाम जड केलेली. लवचीक काठीने ती प्रथम मागे उडवावयाची, मागे ती पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचे, आणि मग पुढे सोडावयाची. हवेत तिचा एक फास उलगडत जातो आणि त्याच्या टोकाशी माशी अलगद पाण्यावर टेकते. सारे कौशल्य त्या क्षणभर थांबण्यात आहे. बळ लावणाऱ्याची दोरी त्याच्याच डोक्याभोवती गुंडाळली जाते. ह्या खेळात पैलवानापेक्षा तबलजी लवकर तयार होतो, कारण त्याला काल कळतो.

ह्या पद्धतीला पुढे जितकी मोकळी जागा हवी तितकीच पाठीमागे हवी. शिवनसमुद्राच्या खाली कावेरी रानातून, दऱ्यांतून वाहते. काठावर अर्जुनाचे आणि चिंचेचे वृक्ष पाण्यावर ओणवले आहेत. तेथे काठावरून दोरी मागे उडविली की माशी झाडाच्या स्वाधीन होते. नावेत बसले की चारी दिशा मोकळ्या होतात, हा नावेचा पहिला लाभ.

तथापि बसून फेकताना एक अडचण येते. काठी धरलेला हात पाण्यापासून जेमतेम दोन-तीन फूट वर असतो. मागे गेलेली दोरी उलगडण्यापूर्वीच पाण्याला थपडते आणि मासे पळतात. उपाय दोन. दोरी मागे न फेकता मागे-वर, आकाशाकडे, फेकावी. आणि थोडकीच फेकावी. होडी निःशब्द असल्यामुळे माशाच्या जवळ जाता येते, तेव्हा लांब फेकीची हौस ठेवण्याचे कारणच उरत नाही. दोरीचा जो भाग सोडलेला असतो तो पायाशी पडतो. म्हणून नावेच्या तळाशी डबा, चप्पल, छत्री असे काहीही मोकळे ठेवू नये. दोरी नेमकी त्यातच अडकते. नावेत उभे तर मुळीच राहू नये.

टोपलीत दोघांची जोडी लागते. एकाच्या हाती वल्हे, दुसऱ्याच्या हाती काठी. नावाडी वारा पाठीशी घेतो, नाव फिरू न देता धरून ठेवतो आणि फेकणाऱ्याला त्याचे पाणी समोर आणून देतो. यश दोघांचे असते, किंबहुना दोन तृतीयांश नावाड्याचे. कयाकमध्ये मात्र दोन्ही कामे एकाच्याच माथी येतात. वल्हे ठेवले की वारा होडी नेतो, वल्हे घेतले की काठी रिकामी राहते. मोठ्या तलावांवर जे आधुनिक छंदिष्ट कयाकमधून हा खेळ खेळतात, त्यांची निम्मी विद्या वाऱ्याचा अंदाज बांधण्यात खर्च होते.

मासा लागला की ह्या हलक्या नावांचे खरे वैशिष्ट्य प्रकट होते. काठावरचा मनुष्य स्थिर असतो, माशाची सारी ओढ दोरीवर येते आणि कमजोर जागी दोरी तुटते. नाव मात्र स्थिर नाही. मासा ओढू लागला की ती त्याच्याकडे वळते आणि त्याच्यामागे चालू लागते. नावेचे वजन हाच सौम्य लगाम होतो. मासा नाव ओढून दमतो, दोरीवरचा ताण सुसह्य राहतो. दोरी खडकाच्या कंगोऱ्यात अडकली, तर नावाडी वरच्या अंगाने तेथे जाऊन ती सोडवू शकतो. काठावरच्याला हताशपणे पाहत राहावे लागते.

आता ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याच्याकडे वळू. तो म्हणजे महसीर. कावेरीकाठचे लोक त्याला बिळि मीनु, म्हणजे पांढरा मासा, म्हणतात. जाड ओठांच्या ह्या माशाच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत. खेकडे, शिंपले, किडे, लहान मासे, झाडावरून गळालेली फळे असे सारे तो खातो आणि घशात चिरडतो. कावेरीवर त्याच्यासाठी पिढ्यान् पिढ्या नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा लावीत आले. माशीच्या गळाने त्याला फसविणे ही त्यापेक्षा अवघड परीक्षा. मद्रासच्या मुलकी सेवेतील एच. एस. थॉमस ह्यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यातील महसीराच्या प्रकरणांमुळे ह्या माशाची कीर्ती सातासमुद्रापार गेली. १९४६ साली म्हैसूरच्या सुप्रसिद्ध व्हॅन इंगेन कुटुंबातील डी वेट व्हॅन इंगेन ह्यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला. गळाने धरलेल्या महसिरांत तो विक्रम मानला जातो. कबिनी ही कावेरीचीच उपनदी.

हा प्रचंड मासा म्हणजे पाठीवर कुबड असलेला, केशरी-सोनेरी परांचा महसीर. जगात तो फक्त कावेरीच्या खोऱ्यात आढळतो, इतर कोठेही नाही. आणि येथेच आपल्या गोष्टीत मराठी मुलूख प्रवेश करतो.

मुंबई सरकारच्या सेवेत असताना कर्नल साइक्स ह्यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली. ती १८३९च्या सुमारास प्रसिद्ध झाली. ह्या गृहस्थांची एक रीत आम्हांस फार भावते. माशांना शास्त्रीय नावे देताना ते पुष्कळदा कोळ्यांच्या तोंडचे नावच उचलीत. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळालेल्या महसिराला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले. लंडनच्या विद्वत्सभेच्या पोथीत अशा रीतीने आपल्या नदीकाठचा शब्द जाऊन बसला. निळसर परांचा हा दख्खनी महसीर आजही शास्त्रज्ञांच्या लेखी ‘टोर खुद्री’ आहे.

पुढे आपल्याकडील नद्यांतून हा मासा झपाट्याने कमी झाला. बंधारे, विषप्रयोग, सुरुंग ही कारणे आपणांस ठाऊक आहेतच. तेव्हा १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यास वळवणच्या तलावाकाठी खुद्रीची अंडी कृत्रिम रीतीने फळवून पिले वाढविण्याचे केंद्र चालविले. काम जिद्दीचे होते आणि ते यशस्वी झाले. लाखो पिले तयार झाली आणि देशातील अनेक राज्यांच्या जलाशयांत गेली. त्यांतली काही कावेरीतही आली. हेतू निखळ चांगला होता. महसीर कमी होत आहे, तर महसीर सोडू या. एक महसीर तो दुसरा महसीर, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती.

कावेरीत काय झाले हे कळले ते गळवाल्यांच्या वह्यांमुळे, ही ह्या कथेतील सर्वांत विलक्षण बाब. वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था व पुढे राज्य सरकारच्या पर्यटन उपक्रमाची भीमेश्वरी, गाळीबोरे येथील शिबिरे ह्यांनी ह्या पट्ट्यात एक शिस्त घातली होती. मासा धरावा, तोलावा, नोंदवावा आणि जिवंत सोडून द्यावा. पूर्वी चोरून मासे मारणारे काठावरचे लोकच तेथे नावाडी व रखवालदार झाले होते. १९९८ ते २०१२ ह्या काळातील सहा हजारांहून अधिक महसिरांच्या नोंदी अभ्यासकांनी पुढे तपासल्या. त्यांतून दिसले ते असे : निळ्या परांचे महसीर वाढत गेले, कुबडवाले घटत गेले. जे कुबडवाले मिळत त्यांचे सरासरी वजन मात्र वाढत होते. वरवर पाहता ही आनंदाची वार्ता. परंतु तिचा अर्थ असा की लहान मासे येतच नव्हते, उरले होते ते वृद्ध. ज्या घरात केवळ आजोबा दिसतात आणि पाळणा हलत नाही, त्या घराविषयी काय बोलावे?

आणखी एक दैवदुर्विलास पाहा. ह्या जगप्रसिद्ध माशाला स्वतःचे शास्त्रीय नाव नव्हते. साइक्सनेच आपल्या घोड नदीतील एका माशाला दिलेले ‘मुसल्ला’ हे नाव चुकीने ह्याला लावले जात असे. २०१८ साली पहिल्यांदा निश्चित झाले की हा कुबडवाला म्हणजे केरळातील पांबार ह्या कावेरीच्याच खोऱ्यातील नदीतून आधी वर्णिलेला ‘टोर रेमादेवी’. मत्स्यशास्त्रज्ञ रेमादेवी ह्यांच्या सन्मानार्थ ते नाव ठेवलेले आहे. नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. बारसे आणि मृत्युपत्र एकाच वर्षी.

दोष एकट्या खुद्रीचा नाही. धरणांनी पाणी अडविले, वाळू उपसली गेली, सुरुंगांनी डोह फुटले. १९८७ साली ह्या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. पुढे वन्यजीव कायद्याचा अर्थ काटेकोरपणे लावला गेला आणि २०१२पर्यंत तेथील गळाची शिबिरे बंद झाली. प्राण्याला पकडणे हीच शिकार, ह्या कायद्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गळवाल्यांबरोबर वह्या गेल्या आणि रखवालदारही गेले, हेही तितकेच खरे. आपल्या महाडजवळ वाळणकोंडीला आणि इकडे शृंगेरीला तुंगेच्या घाटावर देवाच्या नावाने डोहातले महसीर शतकानुशतके राखले गेले, ते कोणीतरी रोज तेथे उभे राहून पाहत होते म्हणूनच. राखण ही पाहणाऱ्या डोळ्यांनी होते. केवळ फलक लावून होत नाही.

बंधुभगिनींनो, ह्या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध, ते आता सांगावयास हवे. घाटावरून एक मराठी नावाचा मासा कावेरीत आला. येथील पाणी त्याला मानवले, त्याचा वंश वाढला, आणि ज्याचे हे घर तो यजमान संपत चालला. दूरदेशी येऊन पन्नास वर्षांचा संसार थाटलेल्या मंडळींना ही गोष्ट ऐकताना क्षणभर अस्वस्थ वाटले, तर आम्ही नवल मानणार नाही. परंतु माणूस म्हणजे मासा नव्हे. खुद्रीला बिळि मीनुची भाषा शिकता येत नाही, आपल्याला येते. आपली मुले अंगणात कन्नड बोलतात, घरात मराठी. शेजारच्या घरचे हुग्गी-पायस आपल्याकडे येते, आपली पुरणपोळी त्यांच्याकडे होळिगे होऊन जाते. यजमानाची जागा न घेता त्याच्या शेजारी बसता येणे, ही माणसाला मिळालेली सवलत आहे. ती पाळणे मात्र आपल्या हाती असते, आपोआप घडत नाही. तिला अर्धशतक लागते, आणि तेच अर्धशतक आपण आज साजरे करीत आहोत.

म्हणून मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. एक : घरातील काचेच्या पेटीतला मासा वाढला, नकोसा झाला, म्हणून तो तळ्यात वा नदीत सोडू नये, पुण्य लागेल म्हणूनही नाही. सद्भावनेने सोडलेली पिलेसुद्धा काय करू शकतात, ते आपण पाहिले. दुसरी : सहलीला नदीवर जाल तेव्हा टोपलीच्या नावेत अवश्य बसा. पण तरंगते जाकीट घातल्याखेरीज नको, आणि वरच्या धरणातून पाणी सुटणार आहे काय, हे विचारल्याखेरीज नको. नावाड्याशी त्याच्या भाषेत बोला. नदीचे जे ज्ञान त्याच्यापाशी आहे ते कोठल्याही ग्रंथात नाही. तिसरी, गळाची हौस असणाऱ्यांसाठी : जेथे परवानगी असेल तेथेच टाका, काट्याचा उलटा दाता चिमट्याने दाबून टाका, मासा पाण्याबाहेर श्वास रोखता येईल तितकाच वेळ ठेवा, आणि काय मिळाले ते वहीत लिहा. कोणाच्या वहीतून पुढे कोणता मासा वाचेल, हे आज सांगता येत नाही.

आम्ही चार-पाच सभासद काही वर्षांपासून एका खाजगी तलावावर, मालकाच्या अनुमतीने, हा खेळ शिकत आहोत. तेथे महसीर नाही, लहान मासे आहेत; आणि पुष्कळदा तेही नाहीत. ज्यांना वल्हे धरून गरगर फिरण्याची लाज वाटत नाही, त्या सर्वांचे स्वागत आहे. मुलांना तर अवश्य पाठवा. त्यांना खुद्री हा शब्द कोठून आला ते सांगू आणि बिळि मीनु हा कोणाचा, तेही सांगू. दोन्ही नावे त्यांना सारख्याच सहजतेने उच्चारता यावीत, एवढीच आमची इच्छा आहे.